समोरचा भिडू

मी पोकर खेळतो हे कळलं की आमच्या वसईकर मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. इथे शारजात मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात चहा पिताना एकाने मला सरळ विचारलंच, बायको काही बोलत नाही का म्हणून. हाच गृहस्थ पॅरिशच्या फीस्टला हाउजीची तिकिटं पुढ्यात पसरून बसतो आणि एका आकड्यासाठी अख्ख्या हॉलला वेठीस धरतो. मी त्याला ते तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो मला लांबूनच हात करतो. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही.

मी दुबईत एका कार्गो कंपनीत कामाला आहे आणि राहतो अल नहदाला, म्हणजे बॉर्डरच्या अलीकडे, शारजाच्या बाजूला. इथे परवानगीशिवाय पैसे लावून पत्ते खेळायचे तर थेट पोलीस, त्यामुळे खरा खेळ खेळायचा तर विमानात बसावं लागतं. ईदची सुट्टी जोडून आम्ही ऑफिसातले काही जण जॉर्जियात तिबिलिसीला जायचो. तिथल्या कसिनोत दोन प्रकार असतात. कॅश गेममध्ये पैसे देऊन चिप्स घ्यायच्या, वाटेल तेव्हा बसायचं, वाटेल तेव्हा उठायचं. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्याच चिप्स, त्या संपल्या की तुम्ही घरी. हरलेला माणूस टूर्नामेंटमधून मुकाट्याने उठतो. कॅश गेममध्ये तो उठत नाही, पुन्हा खिशात हात घालतो, आणि ते बघवत नाही. मीही घातलाय. पहिल्या खेपेला गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या एका म्हातारीने मला असा धुतला की परतीच्या विमानात मी दिरहॅमचे रुपये करायची हिंमत केली नाही.

तरी मी पुन्हा जात राहिलो, कारण मला चेहरे वाचायला आवडतं. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोनच पत्ते असतात, ते फक्त त्याला दिसतात, आणि पाच पत्ते टेबलाच्या मध्ये उघडे पडतात. बाकी सगळा खेळ समोरच्याला काय वाटतंय त्याचा. हातात काही नसताना आव आणून चिप्स पुढे ढकलायच्या, याला ब्लफ म्हणतात. माझा अनुभव असा की थाप मारताना काही माणसं एकदम गप्प होतात. काही उलट उगाच बडबडायला लागतात, विनोद करतात, समोरच्यालाच प्रश्न विचारतात. ही दुसऱ्या जातीची माणसं पकडायला सोपी. ऑफिसात मी हे ज्ञान पोरांना ऐटीत शिकवायचो.

आई गेल्यावर मी पपांना इथे आणलं. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस आता अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा राहून खालच्या पार्किंगमध्ये गाड्या कोण कशा लावतो त्यावर टीका करायचा. वसईच्या घरी एकटं राहणं त्यांना नको होतं. आईची खुर्ची बघवत नाही म्हणाले, एवढंच, पुन्हा विषय काढला नाही. बहीण तिकडे शेजारच्याच गावात आहे, पण तिच्याकडे सासू अंथरुणाला खिळलेली.

पपांचा जीव पत्त्यांत. आमच्याकडे लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की चटई पडायची आणि मेंढीकोट सुरू व्हायचा. चौघांचा खेळ, दोन जोड्या, आपला भिडू आपल्या समोर बसतो. दहाचा पत्ता म्हणजे मेंढी, आणि ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त ती जिंकली. भिडूचा हात वर चाललाय असं दिसलं की आपल्याकडची मेंढी खुशाल त्याच्या डावावर टाकायची, म्हणजे ती आपल्याच घरात येते. पपांची भिडू कायम आई. ती समोर बसली की त्या दोघांना गावात कोणी हरवत नसे.

इथे आल्यावर पहिले काही महिने बरे गेले. मग एके दिवशी ते खाली दूध आणायला गेले आणि घरी परतलेच नाहीत. आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत. संध्याकाळी शेजारच्या टॉवरमधून एका मल्याळी बाईंचा पपांच्याच मोबाइलवरून फोन आला. अल नहदाचे टॉवर म्हणजे सगळे एकाच साच्यातले. पपा शेजारच्या टॉवरमध्ये शिरले होते, अकराव्या मजल्यावर गेले होते आणि आमच्याच नंबरच्या दारावरची बेल वाजवली होती. दार उघडल्यावर आत जाऊन सोफ्यावर बसले. त्या बिचाऱ्यांना वाटलं, नवऱ्याच्या ओळखीचे कोणीतरी असतील. चहा झाला, केळ्याचे वेफर्स झाले. मी घ्यायला गेलो तर पपा हसत म्हणाले, "बघ, तुझ्या घरी मिळत नाही असा चहा मिळतो म्हणून इकडे आलो."

मला हसू आलं. बायकोला आलं नाही. तिने बाकीचंही लक्षात ठेवलं होतं. ते मुलीला नावाने हाक मारत नाहीत, "काय गं मडमे" म्हणतात. बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की ते आधी काहीच बोलत नाहीत, ती बोलू लागली की मग बोलतात. कसला वार आहे विचारलं तर म्हणतात, "कामावर तू जातोस, तूच सांग." बायकोचं म्हणणं एकच होतं, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं. मी नाही म्हणालो. माझं गणित मला माहीत होतं. डॉक्टरने ते नाव घेतलं की पपांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात एकटं ठेवता येणार नाही. मग बहिणीचे फोन सुरू होणार, आणि शेवटी पपा त्या रिकाम्या घरात परत जाणार, समोर आईची खुर्ची घेऊन. मी भांडलो. टॉवरच्या चुका सगळ्यांच्या होतात, म्हणालो, मी स्वतः एकदा दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आलो होतो. आणि वर म्हणालो, ज्याचं डोकं गेलं तो माणूस असे पत्ते खेळेल का?

कारण मी त्यांना पोकर शिकवलं होतं आणि ते झकास खेळत होते. दुबईतल्या एका हॉटेलात शनिवारी दुपारी पोकरची टूर्नामेंट असते. पैसे नाहीत, चिप्स नुसत्या प्लास्टिकच्या, जिंकणाऱ्याला एक ट्रॉफी आणि बाहेरदेशीच्या स्पर्धेत जागा. मी त्यांना घेऊन जाऊ लागलो. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, खिशात पेपरमिंट. टेबलावर सगळे त्यांना अंकल म्हणायचे. ते सगळ्यांची खेचायचे, कुणाचे पत्ते, कुणाचा डाव, विचारून विचारून पत्ते वाटणाऱ्या डीलरला हैराण करायचे, आणि मधूनच अशी एखादी खेळी करायचे की समोरच्याची बोलती बंद. एकदा घरी सराव करताना त्यांनी मला विचारलं होतं, "हुकूम काय?" पोकरमध्ये हुकूम नसतो. मी बघतच राहिलो तर म्हणाले, "बघत होतो, लक्ष आहे का तुझं." मी ते बायकोला सांगितलं नाही.

शेवटी ती एका सकाळी डबा भरता भरता म्हणाली की तिने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे, मी यायचं असेल तर यावं. मी चिडलो. आवाज चढला, मुलगी खोलीतून बाहेर येऊन "कॅन यू गाइज नॉट?" म्हणाली आणि आत गेली. मग मी एक मूर्खपणा केला. बायकोला म्हणालो, या शनिवारी माझ्याबरोबर पपा खेळणार आहेत, शेवटच्या टेबलापर्यंत पोचले तर अपॉइंटमेंट रद्द कर. ती ठीक आहे म्हणाली. पपा बाल्कनीत होते. दार उघडं होतं.

त्या शनिवारी पपा खरंच पोचले. मीही पोचलो. सुरुवातीला आम्ही वेगळ्या टेबलांवर होतो, माणसं कमी होत गेली तसं सगळ्यांना एका टेबलावर आणलं, आणि माझी खुर्ची त्यांच्या बरोबर समोर आली. माझी छाती फुगली होती. मी बायकोला टेबलाचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलंही नाही. पपा मात्र आता बडबडत नव्हते. दमले असतील असं वाटलं. माझ्याकडे सारखे बघत होते, आणि मी बघितलं की हसत होते.

मग तो डाव आला. सगळ्यांनी पत्ते टाकले, मी आणि पपाच उरलो. मधल्या उघड्या पत्त्यांत एक दहा होता. माझ्या हातात काही म्हणजे काहीच नव्हतं. बापाशी खेळताना पत्ते टाकून द्यायला हवे होते असं कुणी म्हणेल, पण आपल्या माणसाला मुद्दाम सोडणं हीच या खेळात लबाडी धरतात. मला तर पपा कसे विचार करतात ते बघायचंच होतं. मी माझ्या सगळ्या चिप्स मध्ये ढकलल्या. शुद्ध ब्लफ. त्यांनी कॉल म्हणून तेवढ्याच चिप्स लावल्या असत्या तर मी स्पर्धेबाहेर.

पपांनी आपले दोन पत्ते उचलले, उघडे केले आणि माझ्याकडे सरकवले. दोन दहा. मधला धरून तीन दहा, त्या डावातला सगळ्यात मोठा हात. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी तसा तो आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

"घे," ते मराठीत म्हणाले. "दोन्ही मेंढ्या तुझ्या."

माझ्या शेजारचा टोपीवाला उसळला. इतका वेळ तोच अंकल अंकल करत होता. आता म्हणाला, हे उघड संगनमत आहे, जिंकणारे पत्ते मुद्दाम टाकून बापाने मुलाला वाचवलं, आणि वर आपल्या भाषेत बोलले, डाव चालू असताना इंग्रजीशिवाय बोलायचं नाही हा नियम आहे. त्याचं चूक नव्हतं. तिबिलिसीत माझ्यासमोर हे घडलं असतं तर मीही असाच उसळलो असतो.

स्पर्धा चालवणारी बाई फिलिपिनो होती, सगळ्यांना सर म्हणणारी. ती आली, डीलरकडून सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं की हे आधी ठरलं होतं का. दोघांना बाद करावं लागेल, म्हणाली, आणि पुन्हा इथे खेळता येणार नाही.

उत्तर एकच होतं, आणि ते मला माहीत होतं. माझ्या वडिलांना कळलं नाही आपण कुठला खेळ खेळतोय. ते मेंढीकोट खेळत होते. समोर मी होतो म्हणून मी त्यांचा भिडू. एवढं म्हटलं की सुटलो. पण ते त्यांच्यासमोर, त्या सगळ्या माणसांसमोर म्हणायचं? त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझी जीभ, जी कधी अडखळत नाही, भलतंच बोलून गेली. मी म्हणालो, हो, मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. चूक माझी आहे, त्यांना बाद करू नका.

टोपीवाल्याने हात उडवला, बघा म्हणून. बाईंनी मान हलवली. मी माझी बाटली उचलली आणि उठलो.

पपाही उठले. त्यांनी टेबलाला धरलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "माय सन इज टेलिंग लाय."

आणि मग त्यांच्या त्या टेलिफोन खात्याच्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत, त्यांनी सांगितलं. मला विसरायला होतं. बराच काळ झाला. गावाला आम्ही एक खेळ खेळतो, त्यात समोरचा माणूस आपला असतो. मला वाटलं, तोच खेळ आहे. माझ्या मुलाला यातलं काही माहीत नाही, मी त्याला कळू दिलेलं नाही. तो चोर नाही. तो फार चांगला खेळतो, त्याला खेळू द्या.

बोलून झाल्यावर ते खाली बसले आणि खिशातून पेपरमिंट काढून चघळायला लागले. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. त्यांची लाज वाटली म्हणून नाही. माझी वाटली.

बाईंनी दोघांनाही खेळायची मुभा दिली. टोपीवाल्याने टोपी काढली आणि सॉरी अंकल म्हणाला, खरोखर मनापासून म्हणाला. मी म्हटलं, नको, खलास, आम्ही निघतो. चिप्स तशाच टेबलावर ठेवून आम्ही खाली आलो.

शारजाकडे जाणारा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या. मला खूप राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "कधीपासून, पपा?"

"तुझी आई होती तेव्हापासून."

"आईला माहीत होतं?"

"भिडूला माहीत नसेल तर कुणाला?"

मग ते सांगत गेले, मधेच थांबत, पुन्हा सुरू करत. आणि मला एकेक गोष्ट लख्ख दिसायला लागली. आई शेवटच्या काही वर्षांत फार मोठ्याने बोलायची. ऐकू कमी येतं म्हणून असेल असं आम्ही धरून चाललो होतो. दारात कुणी आलं की आतूनच ओरडायची, अहो, बघा कोण आलं, मावशीचा धाकटा आलाय, दुबईहून मुलगा आला तुमचा, रात्रीच्या विमानाने. मी वैतागायचो. म्हणायचो, आई, मी कुठून आलो ते त्यांना माहीत आहे ना. पत्ते खेळताना ती दर डावाला म्हणायची, हुकूम इस्पिक हां, इस्पिक. आम्ही पोरं तिला हसायचो. ती आम्हाला हसू द्यायची.

"ती गेल्यावर सांगणारं कोणी राहिलं नाही," पपा म्हणाले. "मग मी आपलं चालवलं. मस्करी केली की माणसं जास्त विचारत नाहीत. तुला कळलं नाही ना?"

त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. एवढ्या कसिनोंत जाऊन चेहरे वाचणारा मी, बडबडणारे पकडायला सोपे म्हणून पोरांना शिकवणारा मी. घरात रोज माझ्यासमोर बसून माणूस थाप मारत होता, आणि मी त्याला चहात साखर किती विचारत होतो.

"नाही कळलं," मी म्हणालो.

"हं." ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमचं बोलणं ऐकलं मी. शेवटच्या टेबलापर्यंत गेलो की राहायला मिळणार होतं. मी जीव तोडून खेळलो रे. नंतर दमलो. समोर तू दिसलास, मग वाटलं, आता चिंता नाही."

पुढचं मला नीट दिसेना. मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली.

घरी बायकोने दार उघडलं. तिला फोटो मिळाला होता, ती जिंकलात का असं काहीतरी विचारायच्या बेतात होती. पपाच पुढे झाले. "हरलो आम्ही," म्हणाले आणि चपला काढून आत गेले. मी तिला म्हणालो, अपॉइंटमेंट ठेव, मी येतो. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरने ते नाव घेतलं. बहिणीचे फोन आले, रडून झालं, भांडून झालं. पपा गेले नाहीत. आमच्याच पॅरिशची एक रिटायर्ड नर्स इथे जवळच अजमानला मुलाकडे राहते, ती दिवसा येऊन बसते. तिला आम्ही देतो ते पैसे तिबिलिसीच्या वाऱ्यांतून निघतात, म्हणजे त्या वाऱ्या बंद झाल्या. ऑफिसातली पोरं अजून विचारतात, कधी येतोस, हबीबी. मी इन्शाल्ला म्हणतो आणि विषय बदलतो.

शनिवारी आम्ही घरीच मेंढीकोट खेळतो. बायको आणि मुलगी एक जोडी, मी पपांच्या समोर. मी दर डावाला मोठ्याने हुकूम सांगतो. मुलगी वैतागून मला म्हणते, "पपा, वी नो, यू जस्ट सेड इट." तिला मी अजून समजावून सांगितलेलं नाही, पण मला वाटतं तिला माहीत आहे.

आणि रोज संध्याकाळी कामावरून आलो की दारातूनच ओरडतो, "पपा, बघा कोण आलं. तुमचा मुलगा आला, ऑफिसातून." ते वर बघतात. क्षणभर काही नसतं. मग हसून म्हणतात, "मग काय, मी तुला वॉचमन समजलो?"

त्यांना आठवलेलं असतं की नसतं, हे मी आता त्यांच्या चेहऱ्यावर शोधत नाही. बूट काढतो, हातपाय धुतो आणि त्यांच्या समोर जाऊन बसतो.